मेजावरची पांढरी झाक

लाकडाला चकाकी आणणाऱ्या कारागिराचा आयुष्यभराचा संबंध मुख्यतः दोन पदार्थांशी येतो: एक लाख आणि दुसरे स्पिरिट. लाखेचे पिवळट, पापुद्र्यासारखे तुकडे स्पिरिटात भिजत घालायचे. ते विरघळले की मऊ फडक्यात कापूस बांधून केलेल्या गुंडीने ते द्रावण लाकडावर चढवायचे, हलक्या हाताने, गोल गोल फिरवीत. थर वाळला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. स्पिरिट हवेत उडून जाते आणि लाख तेवढी लाकडाशी एकजीव होऊन राहते. ज्या माणसाने दारूपायी संसाराची धूळधाण केली आणि पुढे जिवाच्या कराराने ती सोडली, त्याच्या वाट्याला नेमका हाच धंदा यावा, यात दैवाचा काय हेतू होता ते दैवच जाणे.

लोक त्याला आरसामिस्त्री म्हणत. त्याने हात फिरवलेल्या कपाटात पाहून भांग पाडता येतो, अशी गिऱ्हाइकांची ग्वाही होती. त्याचा थोरला भाऊ सुतार होता. घराच्या तळमजल्यावरचा कारखाना त्याच्या मालकीचा, आणि वरच्या मजल्यावर दोघा भावांची बिऱ्हाडे समोरासमोर. गिऱ्हाइकांची ती स्तुती ऐकली की दादा हसून म्हणे, "भांग खुशाल पाडा, पण दाढी करू नका. रक्त सांडलं तर आम्हालाच पुन्हा घासावं लागेल."

हे विनोद बंद पडले त्याला बरीच वर्षे झाली होती. प्रारंभी मिस्त्री बाहेर पिऊन येई, मग घरी पिऊ लागला, आणि शेवटी कामाच्या बाटलीतले स्पिरिटही त्याला वर्ज्य राहिले नाही. जेवढे पोटात जाई तेवढे पाणी तो बाटलीत भरून ठेवी, म्हणजे पातळी तशीच दिसे. परंतु लाखेला पाण्याचे वावडे असते. पाणी मिसळलेल्या स्पिरिटाने केलेले काम रात्रभरात पांढरे पडते, जणू लाकडावर कुणी ताकाचा हात फिरवला आहे. गिऱ्हाइके माल परत आणू लागली. दादाला पहिल्याच वेळी कारण उमगले होते, पण त्याने हवेच्या दमटपणावर बोट ठेवले आणि धाकट्याची लाज राखली. दुसऱ्यांदाही राखली. त्यानंतर मात्र त्याने भावाशी बोलणेच सोडले.

कामाच्या स्पिरिटात विष मिसळलेले असते, हे मिस्त्रीला कुणी शिकवायला नको होते. तरी एके दुपारी कारखान्याच्या मागच्या बाजूला तो डोळे उघडे ठेवून पडलेला सापडला, आणि त्या उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हते. दादाने त्याला खांद्यावर घातले आणि धावत दवाखाना गाठला. जीव वाचला. उजवा डोळा निवळला, पण डावा कायमचा धुरकट राहिला. तेथून त्याची रवानगी व्यसनमुक्ती केंद्रात झाली.

केंद्रातल्या समुपदेशक बाई वयाने लहान, पण वाणीने गंभीर होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत त्याला सांगून ठेवले की हे सुटणे एका उडीचे नाही, याच्या पायऱ्या आहेत. आधी शरीर सुटते. मग मन जागे होते आणि जागे होताच चिडते. चीड ओसरली की एक सपाट, बेचव काळ येतो, ज्यात सुखही नाही आणि दुःखही नाही, आणि पुष्कळजण तेथूनच माघारी फिरतात. तोही पार झाला तर शेवटची पायरी इतरांची असते. तुम्ही सुटलात हे तुमच्या माणसांना पटावे लागते. ते कधी पटेल हे तुमच्या हाती नाही, आणि पटेलच असेही नाही.

पहिल्या पायरीवर मिस्त्रीला आपल्याच देहाची किळस आली. घामाने अंथरूण भिजे, भिंतीवरून मुंग्या चालल्याचा भास होई, आणि पाण्याचा पेला तोंडाशी नेताना अर्धा छातीवर सांडे. शेजारच्या खाटेवर एक न्हावी होता. आपले थरथरणारे हात पुढे धरून तो म्हणे, "माझे हात थांबेस्तोवर गावानं दाढ्या वाढवाव्यात, हे बरं." मिस्त्रीला हसू आले, आणि किती काळाने आले हे जाणवून लगेच रडूही आले. चिडण्याची पायरी त्याने बायकोवर काढली. ती भेटायला आली की तो भिंतीकडे तोंड करून पडे. आणलेले धुतलेले कपडे उशाशी ठेवी, मळके उचली आणि जाई. पुढे तो सपाट काळही आला. त्यात त्याला जेवण गोड लागेना आणि झोपही गोड लागेना, एवढेच काय, मरणाची कल्पनासुद्धा रुचेना. तो निमूटपणे दिवस ढकलीत राहिला, आणि एके दिवशी बाईंनी त्याला घरी जाण्याची मुभा दिली.

घरी आल्यावर दादाने त्याला घासकाम दिले. लाकूड खरखरीत कागदाने घासून गुळगुळीत करायचे, भुसा झाडायचा, आणि पुढचे काम बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या कारागिराने करायचे. ज्याच्या बोटांना आरसा घडवण्याची सवय होती त्याने पावसाळाभर नुसती धूळ खाल्ली, आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. अखेर दादाचेच मन द्रवले असावे. एका वकीलबाईंचे, त्यांच्या वडिलांच्या वेळचे, शिसवी मेज दुरुस्तीला आले होते. जोडकाम संपल्यावर दादाने ते खिडकीजवळ सरकवले आणि धाकट्याकडे न पाहता म्हटले, "हे तू कर. हे नीट झालं तर पुढचंही तुझंच. नाही झालं, तर पुन्हा या विषयावर मी बोलणार नाही."

त्यासोबत एक शिस्तही घालून दिली. स्पिरिटचा मोठा डबा दादाच्या बिऱ्हाडात कुलपात राहील. सकाळी दादा त्या दिवसापुरते स्पिरिट एका बाटलीत ओतून ती मिस्त्रीच्या बायकोच्या हाती देईल, ती खाली आणून नवऱ्याला देईल, आणि संध्याकाळी उरलेले परत नेईल. मिस्त्रीने मान डोलावली. आपल्याच धंद्याचे हत्यार आपल्याला बायकोच्या ओंजळीतून मिळावे, यातला बोचरेपणा त्याला जाणवला नाही असे नाही, पण तो त्याने गिळला.

काम सुरू झाले. पहिले थर मनासारखे बसले. शिसवीचा काळपट तांबूस रंग हळूहळू वर येऊ लागला आणि खिडकीची चौकट मेजात उतरू लागली. मधूनच गुंडी लाकडावर अडखळे, ओढल्यासारखी वाटे. पूर्वीचा मिस्त्री असता तर त्याने त्याच क्षणी बाटली नाकाशी नेली असती. परंतु आता बाटली नाकाशी नेणे हे त्याने स्वतःला बंद केले होते. तोंडावर ओले फडके बांधून आणि खिडकी सताड उघडी ठेवून तो काम करी. अडखळण्याचा दोष त्याने आपल्या हातांना दिला. हे हात अजून पुरते आपले झाले नाहीत, असे म्हणून तो गुंडी आणखी हलकी धरी. आणि तरीही, एके दुपारी आपण काहीतरी गुणगुणत आहोत असे त्याच्या ध्यानात आले. जिन्यात चहा घेऊन उभी असलेली बायको ते ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असे त्याला वाटले होते. दिसली ती भीती. पूर्वी घरात गाणे उठे ते केवळ एकाच कारणाने.

शेवटचा, पातळ थर देऊन त्याने संध्याकाळी मेजावर स्वच्छ चादर अंथरली. सकाळी ती उचलली तेव्हा मेजावर धुके होते.

त्याला वाटले, डावा डोळा. त्याने तो हाताने झाकला. धुके तसेच होते. मेजाच्या मधोमध, नदीच्या पात्रासारखी पसरलेली पांढरी झाक. तिच्या कडेला कोरड्या, निर्दोष चकाकीत खिडकीची चौकट लख्ख दिसत होती आणि मध्ये येताच विरून जात होती. बाहेर हवा कोरडी ठणठणीत होती. दमटपणाच्या नावावर खपवायला या वेळी जागाच नव्हती.

दादा मागे येऊन कधी उभा राहिला ते त्याला कळले नाही. दादाने झाकेवरून एक बोट फिरवले. मग त्याने धाकट्याचे खांदे धरून त्याला आपल्याकडे वळवले आणि हलकेच म्हटले, "फुंकर मार."

"दादा, मी घेतली नाही."

"फुंकर मार म्हणतो ना."

चाळिशी उलटलेल्या त्या माणसाने थोरल्या भावाच्या तोंडावर फुंकर मारली. दादाने डोळे मिटून वास घेतला. काहीच वास आला नसावा, कारण त्याच्या कपाळावरची आठी अधिकच खोल झाली. तो म्हणाला की कालची गोष्ट आज थोडीच तोंडात राहते, आणि चूळ भरायला पाणी सगळीकडे मिळते. मिस्त्रीने शपथ घेण्यासाठी हात उचलला, तेव्हा दादाने तो खाली केला. "शपथा नकोत. शपथा मी पुष्कळ ऐकल्या. लाख खोटं बोलत नाही." एवढे बोलून तो वकीलबाईंना काय सांगावे याच्या विवंचनेत बाहेर पडला.

कारखान्यात मिस्त्री एकटा उरला. त्या दिवसाची बाटली नुकतीच बायकोने आणून कोनाड्यात ठेवली होती आणि ती वर गेली होती. त्याच्या मनात जे उठले त्याला राग म्हणावे की दुःख, याचा निवाडा करणे कठीण. त्यात एक भयंकर सोपेपणा होता. न पिता जर पिणाऱ्याचेच फळ पदरात पडत असेल, तर मग मधली उपासमार कशासाठी? त्याने तोंडावरचे फडके सोडले. लाखेच्या डब्याचे पत्र्याचे झाकण घेतले आणि त्यात बाटलीतले स्पिरिट ओतले. झाकण दोन्ही हातांत धरून तो किती वेळ उभा होता कोण जाणे. वास वर येत होता, ओळखीचा, जुन्या मित्राने मागून खांद्यावर हात ठेवावा तसा. झाकण ओठांपर्यंत आले. आणि तेथे, एवढ्या जवळ, त्या नाकाला, जे इतके दिवस त्याने बंद ठेवले होते, त्या वासात काहीतरी उणे जाणवले. वास पातळ होता.

त्याने झाकण खाली ठेवले आणि काडी ओढून त्याला लावली. फिकट निळी ज्योत उठली. शुद्ध स्पिरिट असेल तर ते जळून जाते आणि पत्रा कोरडा राहतो, ही त्याच्या धंद्यातली जुनी परीक्षा. ज्योत नाचली, बसली, विझली. झाकणात पाणी उरले होते. थोडेथोडके नव्हे, चांगले बोट बुडेल एवढे.

दादा डब्यातून ओततो ते समोरच्या बिऱ्हाडात, मिस्त्रीच्या देखत ओततो, आणि डबा नवाकोरा आणलेला होता. बाटली दादाच्या हातून निघते आणि त्याच्या हाती येते. मध्ये फक्त एक जिना आहे, आणि त्या जिन्यात फक्त एक माणूस आहे.

ती चहा घेऊन आली तेव्हा तो मेजाशेजारी जमिनीवर बसला होता. झाकण त्याच्यासमोर होते. तिने मेजावरची झाक पाहिली, झाकणातले पाणी पाहिले, आणि कप कुठे ठेवावा हे न सुचून ती तशीच उभी राहिली.

"कधीपासून घालतेस?" त्याने विचारले.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. "आधी थोडंच. तुम्ही गाणं म्हणायला लागलात तेव्हापासून जास्त."

ती खाली बसली. मग ती जे बोलली ते तिने कधी कुणापाशी उच्चारले नव्हते. तो घरी पीत असे त्या वर्षांत तो न्हाणीत गेला किंवा डुलकी लागली की ती त्याच्या बाटलीत पाणी घाली. जेवढे पाणी जाईल तेवढे विष कमी, हा तिचा हिशेब. त्याला कधी कळले नाही, कारण दुसऱ्या बाजूने तोही आपले पिणे लपवायला त्याच बाटल्यांत पाणी भरीत होता. त्या घरात बाटलीला दोघांचे हात लागत होते, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. बाटली घेऊन निघाली की तिचे हात आपोआप जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या माठाकडे वळत. पाण्याने लाख पांढरी पडते हे तिला ठाऊक नव्हते. मागे माल परत येई तेव्हा तिच्या कानांवर दमट हवा एवढेच आले होते.

"मला वाटलं, आज ना उद्या प्यालच," ती म्हणाली. "प्यालात तरी निम्मं पाणीच जाईल पोटात. डोळा तरी राहील एक."

त्याला रागावायचे होते. शब्दही तोंडाशी आले होते. पण काही क्षणांपूर्वी ते झाकण आपल्या ओठांपाशी होते, हे तोच जाणत होता, आणि त्या जाणिवेने त्याची जीभ धरली. तो इतकेच म्हणाला, "हे दादाला सांगशील?"

"आत्ता सांगते."

दादा परतला तेव्हा ती दारातच उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करीत तिने सगळे सांगितले, काही न लपवता, काही न सजवता. झाकणातले पाणीही दाखवले. दादाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्याच्या मुद्रेवर कोप नव्हता. थकवा होता, आणि तिच्याविषयी खरीखुरी कणव होती.

"दादा, खरंच सांगते, पाणी मीच घातलं. यांचा दोष नाही."

"अगं, याला ताप आलाय, असं तू मला किती वेळा सांगितलंस?" दादा म्हणाला. "पाय मुरगळलाय, म्हणून सांगितलंस. बहिणीकडे गेलाय, म्हणून सांगितलंस. मी एकदाही तुला खोटं पाडलं नाही. आजही पाडत नाही. पण विश्वास ठेव, एवढं मात्र मागू नकोस."

इतक्या वर्षांत तिने नवऱ्यासाठी जे जे खोटे रचले होते ते सारे त्या क्षणी तिच्या एकुलत्या एका खऱ्या वाक्यावर येऊन बसले. मिस्त्री मागून पाहत होता. दादा चुकत होता, आणि तरी त्याला दोष देता येत नव्हता. पाण्याची ही युक्ती दादाने पूर्वी ज्याच्या हातून पाहिली होती, तो हात याचाच होता.

दादाने निर्णय सांगितला. वकीलबाईंकडून आठवडाभराची सवड त्याने मागून घेतली होती. तेवढ्यात हा थर धुऊन काढायचा आणि मेज पुन्हा उभे करायचे, कारण सुरू केलेले काम अर्धवट टाकणे या कारखान्यात बसत नाही. त्यानंतर चकाकीच्या कामाला बाहेरचा माणूस येईल, आणि मिस्त्रीने घासकाम करावे. तेही त्याला करायचे असेल तर. मग तो वर गेला, डब्यातून ताजे स्पिरिट दुसऱ्या बाटलीत ओतून आणले आणि ती बाटली भावजयीच्या हाती दिली.

तिने ती तशीच नवऱ्यापुढे ठेवली. बूच काढले. या वेळी मध्ये माठ नव्हता, जिना नव्हता.

मिस्त्रीने फडके भिजवले आणि धुवायला प्रारंभ केला. पांढरी झाक विरघळून फडक्यावर येऊ लागली, आणि तिच्याबरोबर खालची कित्येक दिवसांची मेहनतही. चांगला थर आणि बिघडलेला थर यांत स्पिरिट भेद करीत नाही. शिसवी पुन्हा उघडी, निस्तेज, केवळ लाकूड होत गेली. बायको काही वेळ पाहत राहिली. मग ती उठली.

"मी वर जाते," ती म्हणाली. "बाटली राहू दे तुमच्यापाशी. संध्याकाळीसुद्धा नेणार नाही. आता मी मध्ये येणार नाही."

हे तिचे प्रायश्चित्त होते, आणि दानही होते. इतक्या वर्षांत कुणीही त्याला एवढे मोठे काही दिले नव्हते. केंद्रातल्या बाईंनी सांगितलेली ती शेवटची पायरी, जिच्यावर आपले कधीच पाऊल पडणार नाही असे तासाभरापूर्वी वाटले होते, तिचा एक कोपरा कुणीतरी त्याच्यापुढे सरकवला होता. तिची पावले जिन्यावर चढू लागली. पहिली पायरी वाजली, दुसरी वाजली. कारखान्यात तो, मेज आणि उघड्या तोंडाची ती बाटली, एवढेच उरले. वास खोलीभर पसरला. या वेळी तो पातळ नव्हता.

"अगं," त्याने हाक मारली.

पावले थांबली.

"खाली ये. इथं बस."

ती वळून दारात आली आणि त्याच्याकडे पाहू लागली. त्याने मान वर केली नाही. हातातले फडके तो गोल गोल फिरवीतच राहिला, आणि मेजालाच सांगितल्यासारखा बोलला, "मघाशी काडी लावायच्या आधी झाकण तोंडाशी नेलं होतं मी. अगदी ओठांपर्यंत."

कोपऱ्यातले स्टूल तिने ओढून आणले, मेजाच्या पलीकडच्या अंगाला ठेवले आणि त्यावर बसली. बाटली तिने उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि त्याने फडके पुढे केले की ती वाकून त्यावर तेवढे, लागेल तेवढेच, ओतू लागली.